पट्ट्याची डावी बाजू

१७ ऑक्टोबर २००२, गुरुवार. सकाळी साडेसहाला उठले. दूध पाऊण लिटर. दसऱ्याची आपट्याची पानं देवासमोरून काढली. दहाच्या सुमारास फार्मवर तपासणीची जीप आली, दीडला गेली. पाच नंबरची बांधी नापास. गुणाबाई सांगत होती, प्रत्येक पट्ट्यात डाव्या हातालाच भेसळ उभी, उजवीकडे एक झाड नाही. ती बांधी भैयाजीची. बोरकुटे साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. दुपारी तीन ते सात वीज नव्हती. उशीचे दोन अभ्रे शिवले.

ही नोंद साधनाबाईंच्या वहीतली. मन मोकळं करावं म्हणून बाई डायरी लिहीत नव्हत्या. नागपूरच्या कॉन्व्हेंटात असताना सिस्टर रोज झोपण्यापूर्वी दहा ओळी लिहायला लावत, आणि त्यात ‘मला वाटलं’ असे शब्द आले की तांबड्या शाईने खोडत. जे झालं तेवढंच लिहायचं. ही सवय लग्नानंतरही सुटली नाही. नीळकंठराव वारले त्या दिवशीसुद्धा बाईंनी दहा ओळी लिहिल्या होत्या.

नीळकंठराव म्हणजे त्यांचे यजमान. मोहबोडीच्या बीज फार्मचे ते कित्येक वर्षं प्रमुख होते. सिंदेवाहीहून मूलकडे जाताना जंगल संपतं न संपतं तोच हे गाव लागतं. एक तलाव, त्याच्या खालच्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेली शेतं, आणि रस्त्यापलीकडे फार्म. तिथे खायचं धान पिकवत नाहीत, बियाण्याचं पिकवतात. नवरा गेल्यावर बाई कुठे गेल्या नाहीत. फार्मच्या फाटकासमोर त्यांनी घर घेतलं होतं, तिथेच राहिल्या.

भैयाजी धिवराच्या घरातला. त्याचा बाप दसरू तलावात जाळं टाकायचा. भैयाजी एकाहत्तर साली फार्मवर रोजीने लागला तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि त्याला चौथीपुढचं वाचता येत नव्हतं. पण पहिल्याच हंगामात नीळकंठरावांना त्याच्या डोळ्यांची ओळख पटली.

बियाण्याच्या बांधीत एकाच जातीचं धान असावं लागतं. तरी त्यात भेसळ येतेच. एखादं झाड चार बोटं उंच, एखादं आठ दिवस आधी लोंबीवर आलेलं, एखाद्याच्या दाण्याला कुसळ. सगळ्यांत वाईट म्हणजे रानधान. लोंबी बाहेर पडेपर्यंत ते लावलेल्या धानासारखंच दिसतं, आणि लोंबी आली की पिकण्याआधीच दाणे झाडून मोकळं होतं. पुढच्या वर्षी तीच जमीन भेसळीनं भरते. म्हणून एकेका पट्ट्यातून चालत जायचं, दोन्ही हातांना बघायचं, दिसेल ते झाड मुळासकट उपटून बांधीबाहेर न्यायचं. बाकीच्या मजुरांना ते लोंबी आल्यावर ओळखू यायचं. भैयाजीला आधीच यायचं.

“तुला कळतं कसं रे?” नीळकंठरावांनी एकदा विचारलं होतं.

“मासा पान्यात दिसत नाई जी,” तो म्हणाला. “पानी हालते, ते दिसते. तसंच आहे हे.”

पुढची तीस वर्षं फार्मची सगळ्यांत चोख बांधी त्याच्याकडेच असायची. सरकारी पाहुणे आले की त्याच्याच बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून फोटो काढायचे आणि फोटोत तो नसायचा. त्याची बायको रंभा, बाजाराच्या दिवशी सिंदेवाहीला मासे विकायची. तिच्या तोंडाला कोणी लागत नसे. “आमच्या घरच्या मानसाले बायको दिसत नाई, पन कोसावरचं रानधान दिसते,” असं ती गिऱ्हाइकांसमोर सांगायची आणि भैयाजी शेजारी बसून हसायचा. त्याला व्यसन कसलंच नव्हतं. शनिवारी तो भजनाला बसायचा. नीळकंठराव गेल्यापासून दर रविवारी सकाळी बाईंच्या परसातलं काम करायला यायचा, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

त्या वर्षी पोळ्यानंतर काही गोष्टी घडल्या. प्रत्येक गोष्ट इतकी लहान होती की तिच्यापाशी कोणी थांबलं नाही.

एका रविवारी त्यानं कुंपणाची मेंदी छाटली आणि फाटकाच्या डाव्या अंगाची तशीच ठेवली. बाईंनी दाखवलं तेव्हा, “हो का?” म्हणाला आणि छाटून दिली. पुढच्या रविवारी दारातून आत येताना त्याचा डावा खांदा चौकटीला आपटला, जाताना पुन्हा आपटला. एकदा तो फार्मवर एकाच गालाची दाढी करून आला. गुणाबाई त्याच्याबरोबर वीस वर्षं रोजीला होती. ती लांबूनच ओरडली, “काऊन भाऊ, आज अर्ध्याच दाढीले सुट्टी देल्ली का? का ब्लेड संपलं?”

बाया हसल्या. भैयाजीनं गाल चाचपला. उजवा. “केली ना बापा दाढी,” तो म्हणाला, आणि त्यावर त्या आणखीच हसल्या.

या भागात माणूस तोल जाऊन दाराला धडकला, की कोणाच्या डोक्यात डॉक्टर येत नाही. मोहाची दारू येते. वास आला नाही तरी आला असं म्हणतात, आणि एकदा म्हटलं की पुढच्या वेळी तो खरंच येतो. साधनाबाई शिकलेल्या होत्या, पण तीस वर्षं याच गावात राहिलेल्या होत्या.

दसऱ्याच्या सुट्यांमुळे ऑक्टोबरात मजूर कमी पडले. एरवी एका पट्ट्यातून जायचं आणि त्याच पट्ट्यातून परत यायचं अशी फार्मची पद्धत. फार्मचे अधीक्षक बोरकुटे साहेब यांनी त्या आठवड्यात सांगितलं, पट्ट्यातून परत यायची गरज नाही, धुऱ्यावरून या, एकच फेरी करा. बोरकुटे काही वाईट माणूस नव्हते. तीन वर्षांत त्यांची एकही बांधी नापास झाली नव्हती आणि त्यांना ते तसंच राहायला हवं होतं. सतरा तारखेला जीप आली, आणि पाच नंबरच्या बांधीत पट्ट्यामागून पट्टा तेच निघालं.

“मी पाह्यली बांधी, साहेब. पुरी पाह्यली,” भैयाजी म्हणत राहिला.

“मग ही झाडं काय जीपमधून उतरली का?” बोरकुटे म्हणाले. हातातलं कुसळाचं झाड त्यांनी त्याच्या पायांवर टाकलं. त्याच दिवशी हजेरीपटावर त्याच्या नावासमोर शेरा पडला: मद्यप्राशन करून कामात हलगर्जी. एकतीस वर्षांत त्या नावासमोर दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर बोलावलं नाही.

रविवारी तो बाईंकडे आला. झाडांना पाणी घालून पायरीवर बसला.

“बाई, मले दिसलं नाई असं कसं होईन? एकेक झाड पाह्यलं मी.”

“मग ती झाडं आली कुठून?”

“तेच त समजून नाई राह्यलं.”

“भैयाजी, खरं सांग. घेतोस का तू अलीकडे?”

त्यानं बाईंकडे पाहिलं. बादली विहिरीच्या कठड्यावर पालथी घातली आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

दिवाळीनंतर त्याचं डोकं दुखू लागलं. पहाटे उठलं की दुखायचं, ओकारी झाली की उतरायचं. रंभानं पित्तावरचं औषध दिलं, मग जाणत्याचा अंगारा लावला, मग सिंदेवाहीच्या डॉक्टरच्या गोळ्या आणल्या. जानेवारीत भर बाजारात तो माशांच्या टोपलीशेजारी बसल्या जागी आडवा झाला. डावा हात आणि डावा पाय झटके देत होते. कोणीतरी नाकाशी कांदा धरला. कोणीतरी म्हणालं, जास्त झाली वाटते. रंभानं त्या माणसाच्या अंगावर माशांचं पाणी फेकलं.

चंद्रपूरला डोक्याचा फोटो काढला. उजव्या बाजूला, कानाच्या वर आणि मागे, लिंबाएवढी गाठ होती. चोवीस जानेवारीला नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं.

रंभाला कागद वाचता येत नव्हते म्हणून तिनं बाईंना बोलावलं. बाई गेल्या. वॉर्डात सतरा खाटा होत्या, भैयाजीची खिडकीकडून दुसरी. डोक्याला फडकं, डोळे उघडे. बाई त्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि त्यानं त्यांना पाहिलंच नाही. आवाज ऐकून तो उजवीकडे शोधू लागला.

“इकडं या बाई, या बाजूनं,” रंभा म्हणाली. “त्या अंगाचं त्याले काईच नाई समजत. हात त्याचाच आहे, म्हनते कोनाचा आहे.”

जेवण आलं. भैयाजीनं ताटातला उजवा अर्धा भात खाल्ला, उजवीकडची भाजी खाल्ली आणि, “झालं” म्हणाला. रंभानं ताट अर्धं फिरवलं. राहिलेला भात त्याच्यासमोर आला आणि तो पुन्हा जेवू लागला.

बाई ते ताट बघत होत्या. पट्टा, पुढचा पट्टा, त्याच्या पुढचा पट्टा. एकच फेरी. डाव्या हाताला उभी राहिलेली झाडं, परतीच्या फेरीत उजव्या हाताला आली असती ती. त्यांच्या हातात भैयाजीसाठी आणलेली केळ्यांची फणी होती, ती त्यांनी खाली ठेवायला पुष्कळ वेळ लावला.

हात धुतल्यावर भैयाजी म्हणाला, “बाई, एक काम कराल का?”

“सांग.”

“रोजी गेली त जाऊ द्या. पन तो शब्द काढाले लावा. दारूचा. मी मरून जाईन, अन् तो शब्द तिथीच राह्यन. मी जित्ता आहो तोवर काढाले लावा.”

“काढायला लावीन,” बाई म्हणाल्या.

डिसेंबरातच बोरकुटेंनी रंभाला सांगितलं होतं, की शेरा काढायचा तर कारण पाहिजे. आता आजार निघाला होता, पण तो जानेवारीतला. बांधी ऑक्टोबरातली. ऑक्टोबरात आजार होता याला पुरावा काय?

गाठीचा अहवाल घ्यायला बाई दवाखान्याच्या मागच्या इमारतीत गेल्या. तिथे डॉक्टर मयुरी नावाची तिशीतली बाई सूक्ष्मदर्शकावर बसली होती. अहवालात चौथी श्रेणी, म्हणजे सगळ्यांत वाईट, असं लिहिलं होतं. बाईंनी फक्त एकच विचारलं, “हे कधी सुरू झालं, सांगता येईल?”

अहवाल न्यायला आलेली माणसं किती दिवस उरले असं विचारतात, डॉक्टरला त्याची सवय होती. तिनं बाईंना स्टुलावर बसवलं. त्या सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांना बघता येईल अशा दोन नळ्या होत्या.

“तुम्ही सायन्स शिकलात?”

“मॅट्रिकपर्यंत. सिस्टरनी बेडूक कापायला शिकवलं होतं.”

“मग बघा. मेंदूत विचार करणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि त्यांना आधार देणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या वेगळ्या. ही गाठ त्या आधाराच्या पेशींची. निळे ठिपके म्हणजे पेशीचं केंद्र. चांगल्या मेंदूत ते सारख्या आकाराचे, सुटेसुटे असतात. इथे?”

“एकावर एक पडलेत. कुठला लांबट आहे, कुठला फुगलेला.”

“आणि मधे तो फिकट गुलाबी पट्टा. तो मेलेला भाग. पेशी इतक्या भराभर वाढल्या, की मधल्यांपर्यंत रक्त पोचलं नाही. त्या मेलेल्या जागेच्या काठावर बघा, कशा ओळीनं दाटल्यात. तिथे प्राणवायू कमी पडतो. मग त्या पेशी एक प्रथिन सोडतात, आणि आसपासच्या रक्तवाहिन्यांना त्यांच्याकडे फांद्या फुटतात. हे गुंतवळासारखं दिसतंय ना, त्या नव्या वाहिन्या. धड बांधलेल्या नसतात. पाझरतात. म्हणून मेंदूला सूज, म्हणून पहाटेची डोकेदुखी.”

“सर्जन म्हणाले, गाठ काढली.”

“दिसली तेवढी काढली. पण ह्या पेशी एका जागी राहत नाहीत. मेंदूतल्या तंतूंना धरून एकेक सरकत जातात, पार दुसऱ्या बाजूलासुद्धा. चांगल्या पेशींमध्ये अशी एक एकटी बसलेली असली, तर ती सर्जनच्या डोळ्याला दिसत नाही, फोटोतही दिसत नाही. किरण देतील, त्यानं थोडे दिवस मिळतील. ती परत वाढणार.”

बाईंना धानाची बांधी आठवली.

डॉक्टरनं काच बदलली. “आता तुमचा प्रश्न. अशी गाठ दोन रस्त्यांनी येते असं गेल्या काही वर्षांत कळायला लागलंय. पहिल्या रस्त्यानं थेट येते. आधी काहीच नसतं, दोनतीन महिन्यांत एवढी होते. ती जास्त करून साठीच्या पुढे. तिच्यात बहुतेक वेळा पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेलं, ‘वाढ’ असा निरोप घेणारं प्रथिन फाजील होतं, आणि पेशीला रात्रंदिवस तो एकच निरोप पोचत राहतो. दुसरा रस्ता संथ. एक सौम्य गाठ काही वर्षं गुपचूप पडून असते, आणि मग तिचीच ही होते. तुमच्या माणसाचं वय?”

“सत्तेचाळीस.”

“हं. प्रत्येक पेशीत पी-त्रेपन्न नावाचं एक प्रथिन असतं. एका पेशीच्या दोन होताना नक्कल चुकली, तर ते तिला थांबवतं. चूक दुरुस्त होईना, तर पेशीला मरायला लावतं. ते स्वतःच बिघडलं, की चुकलेल्या पेशी पुढे जात राहतात. बिघडलेलं प्रथिन लवकर विरत नाही, साचतं, म्हणून त्याला रंग देता येतो. संथ रस्त्याच्या गाठींत हे जास्त सापडतं. माझा त्यावर अभ्यास चालू आहे, म्हणून मी ह्या गाठीलाही तो रंग दिला होता. बघा.”

बाईंनी डोळा लावला. निळ्याच्या जागी आता तपकिरी ठिपके होते. पुष्कळ.

“आणि हा एक कोपरा. इथे पेशी विरळ आहेत, मेलेलं काही नाही, नव्या वाहिन्या नाहीत. हा बहुधा जुन्या गाठीचा उरलेला भाग. म्हणजे माझ्या मते ही मागची बरीच वर्षं होती, आणि रूप पालटलं ते अलीकडे.”

“ऑक्टोबरात होती असं लिहून द्याल?”

“ऑक्टोबरात गाठ असण्याचा फार संभव आहे, असं लिहीन. तेव्हा त्याला डावीकडचं दिसत नव्हतं, असं मी कशी लिहू? पेशीवर तारीख नसते हो. त्याच्या वागण्यात कधी फरक पडला, ते कोणी टिपून ठेवलंय का?”

बाई म्हणाल्या, “हो.”

मोहबोडीला परत आल्यावर त्यांनी कपाटातून ती वही काढली आणि सप्टेंबरपासून वाचली. सगळं होतं. आठ तारीख: मेंदीचं डावं अंग राहिलं, दाखवल्यावर छाटलं. पंधरा: भैयाजीचा डावा खांदा चौकटीला दोनदा आपटला. चहाचा कप डावीकडे ठेवला होता, तो तसाच राहिला, निवला. अठरा: गुणाबाईकडून कळलं, एका गालाची दाढी. तारखेनं, वारानं, वेळेनं.

आणि एकवीस सप्टेंबर, शनिवार: बोरकुटे साहेब चहाला आले, पाच ते पावणेसहा. चिवडा दिला. भैयाजी अलीकडे घेत असावा, असं मी त्यांना सांगितलं.

बाईंनी ते पान उलटलं, पुढचं वाचलं, आणि परत तिथे आल्या. ती ओळ त्यांच्याच अक्षरात होती, वळणदार, सिस्टरनी घोटून घेतलेल्या अक्षरात. लागणाऱ्या नोंदी वेगळ्या कागदावर उतरवून दिल्या असत्या, तर एकवीस तारीख कोणाला कळली नसती. बोरकुटे बोलले नसते, त्यांनाही ते गैरसोयीचंच होतं. बाईंनी कोरा कागद घेतला. आठ तारीख उतरवली, पंधरा उतरवली. मग कागद बाजूला ठेवला आणि वहीच घेऊन रंभाकडे गेल्या.

किरणांसाठी भैयाजी नागपूरलाच होता, गुणाबाई त्याच्याजवळ होती. रंभा दोन दिवसांसाठी घरी आली होती. अंगणात बसून सुपात तांदूळ पाखडत होती.

“रंभा, ही वही मी चौकशीत देणार आहे. देण्याआधी तुला वाचून दाखवते.”

“दाखवा.”

बाईंनी आठ तारीख वाचली. पंधरा वाचली. रंभा मान हलवत होती. “तेवाच होतं मंग,” ती म्हणाली. “तेवाच. अन् मी म्हनलं, मानूस बायकोच्या अंगाले चिकटूनच काऊन निजून राह्यला, त्याच्या डाव्या अंगाले येवढी जागा पडली हाये त.” बाईंनी अठरा वाचली. मग एकवीस वाचली, चिवड्यासकट, आवाज न बदलता.

सूप थांबलं.

तलावावर कोणीतरी कपडे धूत होतं, त्याचे ठोके येत होते. रंभानं सुपातला एक खडा निवडला, लांब फेकला. मग दुसरा.

“तुमीच सांगतलं?”

“मीच.”

“मी त गुणीवर वहीम घेतला होता. तीन महिने बोलली नाई तिच्याशी.” ती पुन्हा पाखडू लागली. “वाचा समोरचं.”

बाईंनी पुढचं वाचलं. सतरा ऑक्टोबरपर्यंत. बाई उठल्या तेव्हा रंभा बसा म्हणाली नाही.

चौकशी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली. फार्मच्या ऑफिसात तीन माणसं होती, तालुक्याहून आलेले दोन अधिकारी आणि बोरकुटे. बाईंनी डॉक्टरचं पत्र दिलं आणि वही दिली. अधिकाऱ्यांपैकी वयस्क होता त्यानं वही मोठ्यानं वाचायला घेतली. एकवीस तारखेच्या ओळीशी तो अडखळला आणि बोरकुटेंकडे बघू लागला.

बोरकुटे म्हणाले, “ताई, हे एक वाक्य नकलेत नको घेऊया. उगाच तुम्हाला त्रास.”

“घ्या,” बाई म्हणाल्या. “घेतलं नाही, तर दारूचं आलं कुठून ते कळणार नाही.”

अधिकाऱ्यानं बोरकुटेंना विचारलं, “ह्या बोलण्याव्यतिरिक्त तुमच्याकडे काही होतं? वास, साक्षीदार?”

बोरकुटेंनी पेनचं टोपण लावलं, काढलं. “नव्हतं,” ते म्हणाले.

“आणि प्रत्येक पट्ट्यात एकाच हाताला भेसळ, हे तुम्ही स्वतः पाहिलं?”

“पाहिलं ना. तेव्हा वाटलं, मुद्दामच केलं.”

अकरा एप्रिलला आदेश आला. शेरा रद्द. सदर मजूर हा त्या काळात मेंदूच्या आजारामुळे डाव्या बाजूचे काम पाहू शकत नव्हता, त्यात त्याचा दोष नाही. खाली सही आणि गोल शिक्का. बोरकुटेंनी स्वतः आणून दिला. आत या म्हटलं तर फाटकातूनच परत गेले.

बाई तो कागद घेऊन रंभाच्या घरी गेल्या. किरण अर्ध्यावर थांबवून भैयाजीला घरी आणलं होतं. ओसरीवर खाट टाकली होती, उजवीकडे अंगण येईल अशी. तो फार बारीक झाला होता आणि गोळ्यांमुळे त्याचा चेहरा मात्र गोल दिसत होता. बोलणं स्पष्ट होतं.

“भैयाजी, शब्द काढला,” बाई उजव्या बाजूला बसून म्हणाल्या. “दारूचा शब्द काढला. हा बघ शिक्का.”

त्यानं कागद उजव्या हातात घेतला. शिक्क्यावर अंगठा फिरवला. “वाचा.”

बाईंनी वाचलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. ‘त्यात त्याचा दोष नाही’ इथे त्या थांबल्या.

“त्याच्या मांगचं वाचा पुन्हा एक डाव.”

त्यांनी वाचलं. डाव्या बाजूचे काम पाहू शकत नव्हता.

“म्हंजे बांधी मी सोडली असंच लिवलं आहे,” भैयाजी म्हणाला.

“तू सोडली नाहीस. तुला दिसत नव्हतं. आजारानं.”

“दिसत होतं मले. पुरी दिसत होती. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.” तो चिडला नव्हता. हळू, समजावून सांगत होता, एखाद्या नव्या मजुराला सांगावं तसं. “मी पुरी पाह्यली बाई. तुमीबी तेच म्हनता, जे साहेब म्हनत होता.”

“डॉक्टरांनी सांगितलं भैयाजी, त्या बाजूचं मेंदूलाच—”

“त्यायनं बांधी पाह्यली का? डॉक्टरनं?”

रंभा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. “असू द्या बाई,” ती म्हणाली. “पानी पेता का?”

बाई पाणी प्यायल्या. भैयाजीनं कागद घडी न करता छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मग काही वेळानं, झोपेत असावा तसं, म्हणाला, “नीळकंठ साहेब असते त त्यायले दाखवली असती.”

बाई घरी परतल्या तेव्हा उन्हं उतरली होती. रस्त्यात गुणाबाई भेटली आणि तिनं विचारलं, झालं का काम? बाई म्हणाल्या, झालं. त्यानंतर भैयाजी सदतीस दिवस जगला. त्या दिवसांत बाई आठ वेळा गेल्या आणि तो बांधीबद्दल पुन्हा बोलला नाही. रंभा दरवेळी पाणी द्यायची.

अकरा एप्रिलच्या पानावर बाईंनी आदेशाचा क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, भैयाजीला कागद वाचून दाखवला असं लिहिलं. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. मग शेवटची ओळ लिहिली:

स्वयंपाकघरातल्या नळाचं वायसर गेलं, रात्रभर गळेल म्हणून खाली पातेलं लावलं.